बटाटा ठेवायचा कुठे?

पुण्यातल्या नव्या गृहप्रकल्पांच्या जाहिराती वाचा. क्लब हाऊस आहे, पोहायचा तलाव आहे, योगासनांना वेगळी हिरवळ आहे. पाच किलो बटाटे ठेवायला अंधारी, गार, वारा खेळता कोपरा मात्र मला अजून एकाही नकाशात दिसलेला नाही. हसू नका मंडळी. प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. घरातून हा कोपरा कसा गेला ते बघायला लागलो की प्लेग लागतो, पानशेत लागतं आणि शेवटी आग्र्याच्या शीतगृहाचं दार लागतं.

मी खेड-मंचर पट्ट्यात बातमीदारी करतो. आमच्याकडे बटाटा हे पीक आहे, पुण्यात ती भाजी आहे. या दोन टोकांच्या मधे जे काही घडतं ते सगळं एका गोष्टीभोवती फिरतं: कोण किती दिवस थांबू शकतो. साठवण म्हणजे दुसरं काय? थांबण्याची ताकद. ही ताकद शेतकऱ्याच्या आणि गृहिणीच्या हातून कशी निसटली, ते आज लिहितोय. जरा लांबलंय, पण चहा घेऊन बसा.

सुरुवात नावापासून करू. उत्तरेत ज्याला आलू म्हणतात त्याला आपण बटाटा म्हणतो, कारण आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या बोटीतून आला. ‘बटाटा’ हा मूळ कॅरिबियन बेटांवरचा, रताळ्यासाठीचा शब्द. पोर्तुगीजांनी तो उचलला, बटाट्यालाही लावला आणि आपण जसाच्या तसा ठेवला. म्हणजे रताळ्याचं नाव घेऊन आलेला हा पाहुणा आता उपासाला रताळ्याच्याच शेजारी बसतो. परदेशी म्हणून त्याला कुणी उपासातून बाहेर काढलं नाही, हे पुण्याचं औदार्य म्हणायचं.

इंग्रजांच्या काळात आपल्या भागात बटाट्याने बस्तान बसवलं ते महाबळेश्वरमार्गे. तिथल्या तुरुंगात चिनी कैदी ठेवलेले होते. १८३०च्या दशकापासून पुढे त्यांनी तुरुंगाच्या बागांत बटाटा आणि इतर इंग्रजी भाज्या पिकवल्या, साहेब लोकांना पुरवल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात खेड, जुन्नर, आंबेगाव भागात बटाटा चांगला रुजला. आज सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा होतो, पावसाच्या तोंडावर लागवड आणि पाऊस ओसरताना काढणी. बाकी भागात रब्बीचा होतो, तो साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो.

आता गंमत इथे आहे. युरोपात बटाटा निघतो शरद ऋतूत आणि त्यानंतर येतो हिवाळा. शेतात ढीग घालायचा, वर पेंढा आणि माती लोटायची, की थंडीच राखण करते. आपल्याकडे रब्बीचा बटाटा निघतो आणि डोक्यावर येतो उन्हाळा. तिकडे काढणीनंतर गारठा, इकडे काढणीनंतर चैत्र-वैशाख. आपली बटाटा साठवण्याची सगळी पद्धत, सगळी हुशारी आणि सगळं नुकसान या एका फरकातून आलेलं आहे.

कारण बटाटा जिवंत असतो. जमिनीतून काढला म्हणून तो मरत नाही. तो श्वास घेतो, उष्णता सोडतो, पाणी सोडतो. उकाडा वाढला की श्वास वाढतो, साठलेला पिष्टमय भाग खर्ची पडतो, साल सुरकुतते. सुरुवातीचे काही आठवडे तो झोपेत असतो, डोळे मिटलेले. झोप मोडली की कोंब. उजेड लागला तर हिरवा. उष्णतेत हवा कोंडली तर बाहेरून धडधाकट आणि आतून काळा. वर भांडं झाकून ठेवल्यासारखं पॅक केलं तर घाम येऊन सडतो. थोडक्यात, त्याला अंधार पाहिजे, गारवा पाहिजे आणि वाराही पाहिजे. हे तिन्ही एकाच जागी मिळवणं म्हणजेच साठवण.

आपल्या लोकांनी यावर तीन उत्तरं काढली. एक शेतात, एक घरात, एक गच्चीवर.

शेतातलं उत्तर म्हणजे अरण. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा. आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या दाट सावलीत जागा साफ करायची, निवडलेला बटाटा ढीग घालून रचायचा, वर गवत, पाचट, पाला यांचा जाड थर द्यायचा. कापलेला, लागलेला बटाटा आत जाता कामा नये, कारण एक सडका दहांना घेऊन जातो. अधूनमधून अरण उघडून निवड करायची. नाक हेच यंत्र. वास आला की हात घालायचा आणि नासका बाहेर काढायचा. वळवाचा पाऊस यायच्या आत अरण मोडायची. या दोन-अडीच महिन्यांत बाजार सुधारला तर सुधारला. अरण म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर, विजेशिवाय आणि कर्जाशिवाय मिळवलेली थांबण्याची ताकद.

या अरणीला पहिला मोठा दणका बसला तो एका पतंगाने. १९०६च्या सुमारास इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्याबरोबर बटाट्यावरचा पतंग हिंदुस्थानात शिरला. हा उघड्या बटाट्याच्या डोळ्याशी अंडी घालतो, अळी आत बोगदा पाडते, डोळ्याशी काळी विष्ठा दिसते. शेतात आणि साठवणीत दोन्हीकडे याचा धुमाकूळ. पुण्याच्या शेतकी कॉलेजात तेव्हा हॅरॉल्ड मान हे प्राचार्य होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा त्यांनी केलेला अभ्यास समाजशास्त्रवाल्यांना माहीत असतो. त्याच मानसाहेबांनी सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या बटाट्याच्या लागवडीवरही बारकाईने काम केलं. पतंगावर तेव्हाचा एक इलाज अगदी साधा होता: बटाटा उघडा ठेवू नका, वर कोरड्या वाळूचा थर द्या, पतंगाला डोळा सापडता कामा नये. इलाज काय, तर झाकण. पण श्वास चालू राहील असं झाकण.

घरातलं उत्तर म्हणजे कोठीची खोली. पुण्याचे जुने वाडे आठवा. दगडी जोतं, वर जाड भिंती, मधे चौक, माजघराच्या मागे एक अंधारी खोली. धान्याला भिंतीतलं बळद, लोणच्याला बरण्या, आणि जमिनीवर पोतं पसरून त्यावर कांदे-बटाटे. कांदा एका बाजूला, बटाटा दुसऱ्या. जाड भिंत दिवसाचं ऊन लगेच आत येऊ देत नाही आणि रात्रीचा गारवा लगेच बाहेर सोडत नाही. जिन्याखालचा सांदाडा, पलंगाखालची टोपली, टांगलेलं शिंकाळं, हे सगळे त्याच खोलीचे गरीब भाऊबंद.

कॅलेंडरसुद्धा साठवणुकीने आखलेलं असायचं. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून आधी भजी, थालीपीठं करून कांदा संपवायचा. धार्मिक अर्थ आपल्या जागी. पण उन्हाळी कांदा पावसाळी दमटपणात नासायला, मोड यायला लागतो, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आणि कांदा उठला की चातुर्मासभर पानात हजेरी कुणाची? बटाट्याची.

तिसरं उत्तर गच्चीवर, म्हणजे वाळवण. बटाट्याचा कीस, वेफर, साबुदाणा-बटाट्याच्या चकल्या. आपण याला हौस समजतो, बायकांची उन्हाळ्यातली लगबग समजतो. खरं म्हणजे हे साठवणुकीचं सगळ्यात पक्कं तंत्र आहे. जो उन्हाळा बटाटा नासवतो, त्याच उन्हाला कामाला लावायचं. बाजारात बटाटा स्वस्त असताना दहा-वीस किलो आणून उकडायचा, किसायचा आणि वर्षभराची सोय करायची. बटाट्याच्या मूळ देशात, पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांत, लोक रात्रीच्या कडाक्यात बटाटा गोठवतात, सकाळी पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला ते चुन्यो म्हणतात, वर्षानुवर्षं टिकतो. अँडीजमधल्या बाईने थंडी वापरली, सदाशिव पेठेतल्या बाईने वैशाख वापरला. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नाही, पण डोकं एकच.

मग हे सगळं मोडलं कधी? एका दिवसात नाही मोडलं. चार धक्क्यांत मोडलं, असं माझं मत आहे.

पहिला धक्का सुखाचा होता. शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरणारा भाजीबाजार १८८६ साली छपराखाली गेला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट उभं राहिलं. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, हे त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. इतिहासाचा हा विनोद पुणेकरांना पाठ आहे. पण बटाट्याच्या अंगाने बघा. रोज भरणारी, पावसातही चालणारी पक्की मंडई हाताशी आली की घरात साठा करायची निकड कमी होते. ‘लागेल तसं आणू’ ही सवय तिथून रुजायला लागली असावी.

दुसरा धक्का भयाचा. १८९६ अखेर पुण्यात प्लेग आला. १८९७ च्या वसंतात रँडच्या प्लेग कमिटीने घराघरांत शिपाई घुसवले. झडत्या, चुन्याची सफेदी, उकरलेल्या जमिनी, अंगणात फेकलेलं सामान. त्या जुलमाची गोष्ट आणि २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र आपण शाळेत शिकलो. पण त्या काळाने एक गोष्ट कायमची मनात बसवली: अंधारी खोली म्हणजे उंदीर, अंधारी खोली म्हणजे रोग. आरोग्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. उजेड आणि वारा घरात यायलाच हवा होता. फक्त त्या उजेडाबरोबर कोठीच्या खोलीची अब्रू गेली, ती परत आली नाही.

तिसरा धक्का पाण्याचा. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. नदीकाठच्या पेठांतले मातीविटांचे वाडे बसले. माणसं नव्या वसाहतींत, सोसायट्यांत गेली. १९६३ साली राज्यात मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा आला. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत वाडा पाडून इमारत हा पुण्याचा मुख्य उद्योग झाला. जोतं, चौक, जाड भिंत, जिन्याखालचा सांदाडा, सगळं गेलं. चार-सहा इंची भिंत, वर तापलेला स्लॅब. एप्रिलमध्ये दुपारी अशा स्वयंपाकघरात ओट्याखालची बटाट्याची ट्रॉली हात लावून बघा, आणि ट्रॉलीच्या शेजारीच गॅसचा सिलेंडर. अरणीतल्या बटाट्याचे हाल तरी बरे.

चौथा धक्का फ्रिज. १९५८ साली गोदरेजने देशी फ्रिज बाजारात आणला आणि पुढे हळूहळू तो मध्यमवर्गाच्या घरात आला. जागेचा प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं. पण बटाट्याला फ्रिजचा चार अंशांचा गारवा मानवत नाही. त्या थंडीत त्याच्यातलं पिष्ट साखरेत बदलायला लागतं. म्हणून भाजी गोडसर लागते आणि काचऱ्या तळल्या की काळपट होतात. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की पिष्टमय पदार्थ फार कडक तळले-भाजले की ॲक्रिलामाइड नावाचं घातक रसायन तयार होतं, आणि बटाट्यात साखर वाढली की तेही वाढतं. म्हणून ‘बटाटा फ्रिजमध्ये नको’ हा सल्ला जगभर गेला. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने मात्र २०२३ मध्ये आपला सल्ला बदलला. फ्रिजमध्ये ठेवला तरी चालेल, अन्न वाया जाऊ देऊ नका, असं ती आता सांगते. म्हणजे उकडून भाजी करायची असेल तर फार घाबरायचं कारण नाही. काचऱ्या, वेफर, तळणीला मात्र बाहेरचाच बटाटा बरा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घरातली आणि बांधावरची साठवण गेली म्हणून साठवण संपली नाही. ती दुसऱ्याच्या हातात गेली.

गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या आवकेची बातमी रविवारी-सोमवारी पेपरात येते. त्यात बटाट्यापुढे आग्रा, इंदूर, तळेगाव ही नावं कायमची. आग्र्याकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, शीतगृहात दोन ते चार अंशांत झोपवला जातो आणि नोव्हेंबरपर्यंत टप्प्याटप्प्याने बाहेर काढला जातो. पावसाळ्यात आपल्या ताटात बहुतेक तोच असतो. गाडीवाल्याला विचारलं, ‘काय हो, गोड का लागतो?’ तर तो सरळ सांगतो, ‘कोल्ड स्टोरेजचा आहे, ताई.’ देशातल्या बटाट्याच्या शीतगृहांचा मोठा वाटा उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगालात आहे. म्हणजे पुण्यात बटाटा काय भावाने मिळणार, हे बऱ्याच अंशी तिथलं दार कधी उघडतं यावर ठरतं.

सरकारलाही हे फार पूर्वी कळलेलं होतं. १९६४ मध्ये शीतगृहांसाठी परवाना आणि नियंत्रणाचा आदेश आला, १९८० मध्ये सुधारून नवा आला, १९९७ मध्ये तो उठवला. कांदा-बटाट्यावरच्या साठा मर्यादेचं असंच. २०२० च्या तीन कृषी कायद्यांपैकी एकाने ती जवळपास काढून टाकली; किरकोळ भाव दुप्पट झाल्यावरच मर्यादा लावता येईल असं ठरलं. २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागे घेतले गेले आणि आपण पुन्हा जुन्या जागी. व्यापाऱ्याने किती साठवावं यावर आपण साठ वर्षं भांडतोय. शेतकऱ्याने आणि गिऱ्हाइकाने किती साठवू शकावं, यावर कुणी भांडत नाही.

आमच्या भागातलं चित्र सांगतो. सातगाव पठारावरचा शेतकरी बियाणं आणतो मंचरच्या बाजारातून, ते येतं पंजाबातून. काढणी झाली की बटाटा लगेच विकायचा, कारण पुढच्या पिकाला पैसा पाहिजे आणि ठेवायला जागा नाही. काहींचे वेफर कंपन्यांशी करार असतात. या कंपन्यांना साखर झालेला बटाटा चालत नाही, म्हणून त्यांचा माल दहा-बारा अंशांत, वेगळ्या खोलीत, कोंब रोखण्याची प्रक्रिया करून सांभाळला जातो. म्हणजे बटाटा नीट कसा ठेवायचा हे ज्ञान आहे, यंत्र आहे, पैसाही आहे. तो वेफरच्या पाकिटापर्यंत पोचतो. आपल्या पिशवीपर्यंत पोचत नाही.

कांद्याचं थोडं बरं आहे. कांदाचाळीला सरकारी अनुदान मिळतं, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, तिथे साठवणुकीवर काम होतं. चाळ असलेला शेतकरी चार-पाच महिने थांबू शकतो. मग निर्यातबंदीने त्याचं थांबणं वाया घालवलं जातं, तो भाग वेगळा. पण निदान थांबायला त्याला छप्पर आहे. बटाट्याच्या अरणीचं नाव मी तरी कुठल्या योजनेच्या यादीत वाचलेलं नाही. गावपातळीवरचं, बाष्पीभवनाने गार राहणारं छोटं साठवणगृह हे काही रॉकेट उडवण्याइतकं अवघड काम नाही. दुहेरी भिंत, मधे ओली वाळू, वर छप्पर. मागणी करणारा आवाज पाहिजे.

आणि शहरातल्या मंडळींनी काय करायचं? ठेवण्याच्या पद्धतीपासून सुरुवात करा. बटाटा धुऊन ठेवू नका, माती असू द्या. प्लास्टिकच्या पिशवीतून घरी आल्या आल्या काढा, वेताच्या टोपलीत नाहीतर तागाच्या पोत्यावर पसरा. उजेड नको, गॅसची शेगडी आणि फ्रिजची मागची बाजू नको. घराची उत्तरेकडची भिंत, पलंगाखालची जागा, माळ्यापेक्षा जमीन बरी. कांदा वेगळ्या टोपलीत, कारण बटाट्याचा ओलावा त्याला सोसत नाही. दर दोन-तीन दिवसांनी हात फिरवा, मऊ पडलेला आधी वापरा. बारीक कोंब असेल तर खोल कापून काढा. हिरवा पडलेला भाग जाड कापून टाका, फार हिरवा किंवा कडू असेल तर अख्खा टाका. त्यातलं विष शिजवून जात नाही. गोड लागणारा बटाटा आठ-दहा दिवस बाहेर ठेवला तर गोडी बरीच उतरते. रताळी, सुरण, अरवी यांनाही फ्रिज नको, हीच टोपली द्या. उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच आणा, थंडीत महिन्याचं आणलं तरी चालतं. आणि मार्चमध्ये एक दिवस गच्चीची किल्ली मागा. सोसायटीचा सेक्रेटरी कुरकुर करेल. करू द्या. गच्ची सगळ्यांची असते.

पण खरं काम याच्या पुढचं आहे. पुनर्विकासाच्या बैठकीत आपण कारपेट एरिया मोजतो, पार्किंग मोजतो, बाल्कनी किती फुटांची ते विचारतो. तिथे एकाने हात वर करून विचारावं: स्वयंपाकघराला लागून, बाहेरच्या भिंतीला जाळी असलेलं, उन्हाच्या उलट बाजूचं तीन फुटांचं कपाट देणार का? बिल्डर आधी हसेल. दहाजणांनी विचारलं तर नकाशात येईल.

महिन्याचा बटाटा घरात ठेवता येतो ती गृहिणी भाव कडाडला तर महिनाभर बाजाराकडे पाठ फिरवू शकते. दोन महिने बांधावर थांबू शकतो तो शेतकरी पडत्या भावाला नाही म्हणू शकतो. आज दोघांनाही रोज बाजाराच्या दारात उभं राहावं लागतं, एकाला विकायला आणि दुसरीला घ्यायला. दारामागे जो आहे त्याला कसलीच घाई नाही.

तुमच्या घरी बटाटे कुठे ठेवतात, आणि आजीच्या घरी कुठे ठेवायचे, ते खाली जरूर लिहा. आमच्या खेड-आंबेगावच्या मंडळींनी अरणीच्या आठवणी लिहाव्यात. ज्यांनी स्वतः अरण रचली ती पिढी आता सत्तरीत आहे. त्यांचं ऐकून ठेवलं पाहिजे.